मधले नाव : सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

जून महिना उजाडला की आपल्या शाळेच्या कार्यालयासमोर पालकांची रांग लागते. कोणी सणसरहून आलेले असते, कोणी निमगाव केतकीहून, कोणी सुप्याहून, कोणी मोरगावच्या बाजूने. हातात दाखल्यांची पिशवी, पायाशी पत्र्याची पेटी आणि पेटीवर बसलेले, घर सुटणार म्हणून गप्प झालेले लेकरू. प्रवेश-अर्जावर नावासाठी तीन रकाने असतात : विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. पहिला रकाना लेकरू अभिमानाने भरते. तिसरा रकाना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. मधल्या रकान्यातला माणूस मात्र त्याच रांगेत उभा असतो आणि पेटी वसतिगृहात ठेवून झाली की संध्याकाळच्या एस.टी.ने मुकाट्याने निघून जातो.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. छत्रपती शिवरायांचे आजोबा कोण, असे आम्ही वर्गात विचारले की इंदापूरकडची मुले सर्वांआधी हात वर करतात. मालोजीराजे, हे उत्तर त्यांना पुस्तकातून शोधावे लागत नाही. मालोजीराजांची गढी त्यांच्या गावातच आहे. मग आम्ही विचारतो, बाबासाहेबांचे वडील कोण? रामजी, असे सारा वर्ग एका सुरात सांगतो. रामजींनी काय केले, असे विचारले की मात्र वर्ग शांत होतो. कोणी भीत भीत सांगते की ते सुभेदार होते. आजोबांचे नाव विचारावे, तर क्वचितच एखादे मूल मालोजी हे नाव सांगते आणि सांगितले तरी ते इंदापूरचे मालोजीराजे तर नव्हेत ना, असा गोंधळ चेहऱ्यावर दिसतो.

यात मुलांचा दोष नाही. आपण भीमजयंती थाटाने साजरी करतो, रमाई जयंतीला माता-भगिनींनी सभागृह भरून जाते. पण ज्याच्या नावाचे अक्षर बाबासाहेबांनी आयुष्यभर आपल्या सहीत वागवले, त्या पित्याची आठवण आपण एका शब्दावर भागवतो. स्मरणिकेसाठी लेख लिहावा असा निरोप आला, तेव्हा हे मधले नाव उलगडून सांगावे, असे आम्ही ठरविले.

सकपाळ घराण्याचे मूळ गाव आंबडवे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले हे डोंगराळ खेडे. रामजींचे वडील मालोजी सैन्यात होते. त्या काळी कोकणातल्या आणि देशावरच्या महार तरुणांना गावकीच्या बेगारीतून सुटण्याचा जो एक मार्ग होता, तो पलटणीतून जात होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. आपल्याच पुणे जिल्ह्यातील भीमा कोरेगावचा स्तंभ त्यांच्यापैकी अनेकांची नावे अंगावर घेऊन उभा आहे. गावात ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याला छावणीत पगार मिळे, गणवेश मिळे आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शाळा मिळे. सैनिकांसाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी फौजेत शिक्षणाची सोय होती आणि ते शिक्षण सक्तीचे होते. महारवाड्यातल्या मुलाला गावची शाळा उंबरठ्यावरही उभी करीत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

रामजी या शाळेतून घडले. मराठीवर त्यांचे प्रभुत्व होते, इंग्रजी त्यांनी कष्टाने कमावली होती आणि गणिताची त्यांना विशेष आवड होती. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढे चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदार या पदवीमुळे त्यांची ही बाजू झाकली जाते. आम्हा शिक्षकांना मात्र तीच अधिक जवळची वाटते. बाबासाहेबांचे पिता होण्याआधी रामजी अनेकांचे गुरुजी होते.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. भीमाबाईंचे वडील सैन्यात सुभेदार-मेजर, घर सुखवस्तू. त्या घरातून भीमाबाई एका साध्या शिपायाच्या संसारात आल्या. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे मुलगे आणि मंजुळा व तुळसा या मुली एवढ्यांनीच पुढे आईवडिलांना साथ दिली. भीमराव हे चौदावे अपत्य. रामजींची पलटण मध्य भारतातील महू येथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला.

या जन्माविषयी साधुपुरुषाच्या भाकिताची एक कथा सांगितली जाते. ती सांगण्याचा आम्हाला मोह होत नाही. एका घरात बाप मुख्याध्यापक असावा, त्याने आपल्या मुलांना स्वतः शिकवावे, पैसा नसताना पुस्तक आणावे आणि मुलाआधी आपण जागे राहावे, एवढी कारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरेशी आहेत.

भीमराव वर्षाचे झाले असतील नसतील, तोच १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. लढाऊ आणि बिनलढाऊ जाती असा नवा भेद सरकारी धोरणात शिरला होता. ज्या दारातून रामजी माणुसकीच्या उजेडात आले होते, ते दार मागच्या पिढ्यांच्या तोंडावर बंद होणार होते. स्वतःची नोकरी पूर्ण झाली होती, निवृत्तिवेतन ठरले होते. रामजींनी गप्प बसायचे ठरवले असते तर त्यांचे वैयक्तिक नुकसान काही नव्हते. पण त्यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे जाऊन या बंदीविरुद्धच्या अर्जासाठी साहाय्य मागितले, असे बाबासाहेबांचे चरित्रकार नोंदवतात. अर्जाने बंदी उठली नाही. जवळजवळ अर्धे शतक गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी सरकारदरबारी आग्रह धरणाऱ्यांत सुभेदार रामजींचा मुलगा होता. पित्याचा अर्ज पुत्राने निकालात काढून घेतला, असे म्हणायला हरकत नाही.

निवृत्तीनंतर रामजी कुटुंबासह काही काळ कोकणात दापोलीला राहिले आणि मग साताऱ्याला आले. तेथे सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांना कोठारावरची नोकरी मिळाली. संसाराची घडी बसते न बसते, तोच १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. रामजींची बहीण मीराबाई ही पाठीने अधू. पण त्याच आत्याने आपल्या आईवेगळ्या भाच्यांना पोटाशी धरले.

काही काळाने रामजींनी दुसरे लग्न केले. जिजाबाई घरात आल्या. लहानग्या भीमरावांना हे मुळीच रुचले नाही. आईचे दागिने दुसऱ्या स्त्रीच्या अंगावर पाहून त्यांचे मन पेटून उठे. बापाच्या पैशांवर जगायचेच नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले. प्रवासखर्चासाठी आत्याच्या कमरेची पिशवी चोरायची म्हणून रात्री जागवल्या. अखेरीस पिशवी हाती लागली, तर तिच्यात निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने मुलाला लाज वाटली. पळून जाण्यापेक्षा शिकून लवकर स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा निश्चय त्यांनी केला आणि अभ्यासाला लागले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. वसतिगृहातून पळून जाण्याचा बेत करणारे एखादे लेकरू रात्री आमच्यासमोर आणून उभे केले जाते, तेव्हा आम्ही त्याला रागे भरत नाही. ही अर्ध्या आण्याची गोष्ट सांगतो. रामजी आदर्श पिता होते म्हणून त्यांच्या घरात रुसवे-फुगवे नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. मुलगा रागावला होता आणि बाप तरीही रोज त्याचा अभ्यास घेत होता.

७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजींनी भीमरावांना साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीच्या वर्गात घातले. हीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तेथील नोंदवहीत १९१४ क्रमांकापुढे भिवा रामजी हे नाव आहे. आपण दरवर्षी त्या दिवशी विद्यार्थ्याचे स्मरण करतो. त्या सकाळी त्याला शाळेत घेऊन गेलेल्या माणसाचेही स्मरण करावे. आपल्या मुलाला वर्गात वेगळे बसवले जाईल, घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर तो बसेल, तहान लागली तरी नळाला त्याचा हात लागू दिला जाणार नाही, हे रामजींना ठाऊक नव्हते काय? ते सारे ठाऊक असूनही त्यांनी नाव घातले. अपमान टाळायचा म्हणून शाळा टाळायची नाही, हा त्यांचा निर्णय होता. त्या एका निर्णयावर पुढचा सारा इतिहास उभा आहे.

त्याच सुमारास रामजींची नेमणूक खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल म्हणून झाली. दुष्काळाने माणसे मरत होती आणि त्यांच्या हाताला काम देण्यासाठी सरकार तेथे तलाव बांधीत होते. आपल्या भागातील वाचकांना दुष्काळी काम म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. ज्या नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा आहे, त्याच्या खोदाईची सुरुवातही १८७६-७७ च्या महादुष्काळातच झाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आपल्या वस्त्यांत अजून आहेत. अशा कामावर मजुरांच्या पैशांचा हिशेब ज्याच्या हाती असतो, त्याच्या सचोटीवर कित्येक चुली अवलंबून असतात. रामजी तेथे पैशांच्या पेटीपाशी होते आणि मुले साताऱ्यात आत्यापाशी होती.

१९०१ च्या उन्हाळ्यात रामजींनी मुलांना सुट्टीत गोरेगावला बोलावले. मुलांच्या आनंदाला पारावार उरला नाही. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे असा सगळा थाट झाला. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचा असे आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. पत्र पाठवले होते, तरी घ्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली आणि जात कळताच ते चार पावले मागे सरले. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो स्वतः पायी चालणार! सोबत जेवण होते, पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही. टोलनाक्यावर उघड्यावर रात्र काढून मुले दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोहोचली, तेव्हा रामजी त्यांना पाहून थक्क झाले. मुलांचे पत्र आले होते. परंतु नोकराने ते त्यांच्या हाती दिलेच नव्हते.

ही हकीकत आपण नेहमी मुलाच्या बाजूने वाचतो आणि ते योग्यच आहे. त्या प्रवासाने बालमनावर जो घाव घातला, तो बाबासाहेब कधी विसरले नाहीत. पण आता वय झाल्यावर आम्ही ती बापाच्या बाजूनेही वाचतो. हौसेने मुलांना बोलावले, अंगावर नवे कपडे चढवले आणि ती रात्रभर तहानलेली राहून दारात उभी राहिली. सुभेदाराचा हुद्दा, मुख्याध्यापकाची चौदा वर्षे, सरकारी रोखपालाची जबाबदारी यांतले काहीही त्यांच्या मुलांना घोटभर पाणी मिळवून देऊ शकले नव्हते. त्या दिवशी रामजींना काय वाटले असेल, हे कोठे लिहून ठेवलेले नाही. त्यांनी मुलांचे शिक्षण थांबवले नाही, हे मात्र साऱ्या जगाला माहीत आहे.

रामजी कबीरपंथी होते. मद्य आणि मांस त्यांच्या घरात वर्ज्य होते. सकाळ-संध्याकाळ भजन होई, संतांचे अभंग आणि कबीराचे दोहे मुलांकडून पाठ करून घेतले जात. रामायण-महाभारताचे वाचनही चाले. ज्या ग्रंथांत आपल्यासारख्यांना हीन लेखले आहे, ते आपण कशाला वाचायचे, अशी शंका भीमराव घेत. रामजी त्यांना गप्प बसवत नसत. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणे देऊन न्यूनगंड झटकण्याचा धडा त्यातून काढून दाखवीत. पुत्राला ते उत्तर पुरेसे वाटले नाही आणि तो पुढे फार दूर निघून गेला. पण प्रश्न विचारू देणारे घर त्याला लाभले होते. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले, हे आपणा सर्वांना माहीत आहे. या तिघांपैकी कबीर त्यांना घरातच, बापाच्या मुखातून भेटला. जोतीराव फुले यांच्या कार्याविषयीही रामजींना नितांत आदर होता. आणि बुद्ध ज्या प्रसंगी त्यांच्या हाती आला, त्याची पूर्वतयारीही रामजींनीच केली होती. तो प्रसंग मुंबईतला आहे.

१९०४ च्या सुमारास रामजींनी बिऱ्हाड मुंबईला हलवले. परळच्या डबक चाळीत एकच खोली. स्वयंपाक तेथेच, निजणे-बसणे तेथेच, अभ्यासही तेथेच. भीमराव आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. त्या दाटीत अभ्यास कसा व्हावा? रामजींनी त्यावर स्वतःच्या झोपेचे मोल दिले. संध्याकाळी ते मुलाला लवकर निजवीत आणि आपण जागे राहत. रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवीत, दिवा त्याच्याजवळ देत आणि मग मुलाच्या रिकाम्या झालेल्या जागेवर अंग टाकीत. दोघांना एका वेळी पुरेल एवढी निवांत जागा त्या खोलीत नव्हती. म्हणून बापाने आपली रात्र दोन तुकड्यांत वाटून दिली. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. भीमरावांच्या इंग्रजीचा पाया या जुन्या मुख्याध्यापकाने घातला होता.

मुलाला शाळेबाहेरच्या पुस्तकांचेही वेड लागले. परीक्षा जवळ आली असताना हा अवांतर वाचतो, याची रामजींना काळजी वाटे. तरीही मागितलेले पुस्तक आणल्यावाचून ते राहत नसत. खिशात पैसे नसले की ते आपल्या विवाहित मुलींकडे जात. एकीकडे उसने मिळाले नाहीत तर दुसरीकडे. प्रसंगी मुलीने आपला दागिना काढून द्यावा, तो गहाण पडावा, पुस्तक घरी यावे आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत द्यावा, असा तो क्रम होता. बाबासाहेबांच्या जगप्रसिद्ध ग्रंथसंग्रहाचा आरंभ या गहाण पडलेल्या दागिन्यांतून झाला आहे. मंजुळा आणि तुळसा या बहिणींची नावे म्हणूनच आपण आदराने घेतली पाहिजेत.

आणखी एक नाव घ्यावयास हवे. ते आनंदराव यांचे. दोन मुलांच्या शाळेचा खर्च रामजींना झेपेना. एकालाच पुढे शिकवता येईल, हे कटू सत्य त्या एका खोलीत उभे राहिले. आनंदरावांची शाळा सुटली आणि ते नोकरीला लागले. हा निर्णय करताना रामजींच्या पित्याच्या मनाला काय यातना झाल्या असतील, याची कल्पना केवळ तेच पालक करू शकतील ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे. आपल्या समाजात असे पालक थोडे नाहीत. आमच्या स्वतःच्या घरीही असेच घडले. आमची थोरली बहीण चौथीनंतर शाळेत गेली नाही. खुरपणीच्या मजुरीतून तिने आमच्या वह्या घेतल्या. आमच्या एम.ए.च्या प्रमाणपत्रावर तिचे नाव कोठेच नाही.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने एवढी मजल मारली म्हणून सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा भरली. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेकडे जाणारी वाट या छोट्याशा सभेपासून सुरू होते, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. केळुसकरांनी रामजींना पुढच्या शिक्षणाविषयी विचारले, तेव्हा परिस्थिती हलाखीची असूनही मुलाला शिकवण्याचा आपला निर्धार त्यांनी बोलून दाखवला. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. मॅट्रिकच्याच सुमारास वणंद गावच्या भिकू धुत्रे यांची कन्या रमाबाई सून म्हणून घरात आली. भायखळ्याच्या बाजारात, दुकाने बंद झाल्यानंतर, रात्रीच्या वेळी ते लग्न लागले. एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी.ए. झाले.

१२ डिसेंबर १९१२ रोजी रमाईच्या पोटी यशवंतचा जन्म झाला. सुभेदार रामजी आजोबा झाले. घराण्यातला नवा अंकुर आणि पदवीधर पुत्र असे दुहेरी सुख त्यांच्या थकलेल्या वयाला लाभले. पण ते फार दिवस टिकायचे नव्हते. शिष्यवृत्तीच्या ऋणातून भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास निघाले. रामजींना हे मान्य नव्हते. तेथे मुलाच्या वाट्याला काय येईल, याची धास्ती त्यांना वाटत असावी. पुढे बडोद्यात बाबासाहेबांना जे भोगावे लागले, ते पाहता पित्याची धास्ती खोटी नव्हती. परंतु पुत्राने आपला निर्णय बदलला नाही. ज्याला प्रश्न विचारायला शिकवले, तो एक दिवस आपलेही ऐकणार नाही, हे शिकवणाऱ्या बापाला मान्यच करावे लागते.

भीमरावांना बडोद्याला जाऊन थोडेच दिवस झाले होते. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते तातडीने निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते खाली उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. पुढची गाडी मिळून मुंबईला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. रामजींचे प्राण जणू मुलाच्या वाटेकडे डोळे लावून थांबले होते. त्यांनी भीमरावांच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात त्यांची प्राणज्योत मालवली. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३. मिठाईसाठी उतरलेल्या त्या काही मिनिटांची खंत भीमरावांच्या मनात घर करून राहिली. नातू तेव्हा बावन्न दिवसांचा होता.

रामजींच्या निधनानंतर पाच-सहा महिन्यांतच, जुलै १९१३ मध्ये, भीमराव बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तो दिवस पाहण्यास पिता नव्हता. त्याने पदवी पाहिली, पण परदेशातील विद्या, महाडचे तळे, भारतीय संविधान, दीक्षाभूमी यांतले काहीच पाहिले नाही. १९२३ मध्ये लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. चलन आणि अर्थकारण यांची चिकित्सा करणाऱ्या त्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्यांनी आपल्या आईवडिलांचे स्मरण केले आहे आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची कृतज्ञ नोंद केली आहे. आगगाडी चुकलेल्या मुलाने दहा वर्षांनी आपल्या पित्याच्या हाती ठेवलेली ही भेट आहे, असे आम्हाला वाटते.

आणि तो बावन्न दिवसांचा नातू? तोच पुढे सूर्यपुत्र भैयासाहेब म्हणून सर्वांच्या आदराचा झाला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर यशवंतराव आंबेडकरांनी भारतीय बौद्ध महासभेची धुरा सांभाळली आणि दादरच्या चैत्यभूमीवरील स्तूपाच्या उभारणीसाठी ते झटले. कबीराचे दोहे म्हणणाऱ्या आजोबांचा नातू धम्माच्या कार्याला वाहून घेतो, हा तीन पिढ्यांचा प्रवास लक्षात घेतला, म्हणजे रामजींच्या घरातील त्या एका दिव्याचा उजेड कोठवर गेला, हे कळते.

आता थोडे आपल्याविषयी. या शाळेतून बाहेर पडलेले आपले माजी विद्यार्थी आज शिक्षक आहेत, अधिकारी आहेत, परिचारिका आहेत, पुणे-मुंबईला मोठ्या पगारावर आहेत. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की आपल्या घरातला आनंदराव शोधा. आपल्या वह्यांसाठी जिची शाळा सुटली ती बहीण, आपल्या फीसाठी जो कारखान्यावर ऊसतोडीला गेला तो भाऊ, त्यांची मुले आज कितवीत आहेत, याची चौकशी करा. त्यांच्यापैकी एकाचा हात धरून जूनमध्ये त्या रांगेत उभे राहा. पित्याचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हाला दिसत नाही.

आणि पालकहो, मुलाला सोडून परत जाताना आपण त्याला काही देऊ शकलो नाही, असे मनात आणू नका. रामजींनी आपल्या मुलामागे इस्टेट ठेवली नव्हती. पुढच्या जूनमध्ये आम्ही अर्ज तपासायला बसू, तेव्हा मधला रकाना आधी वाचू.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!